काठाचं अंतर

मानेवाड्याच्या मुलींच्या वसतिगृहात
बत्तीस खिडक्या, बत्तीस छज्जे,
छज्ज्यांना लटकलेले बत्तीस कूलर.
मागच्या एप्रिलात तेरा नंबरचा छज्जा
बोल्टांच्या रेषेत फाटला.
पाचर मारल्यावर लाकूड फाटतं तसा,
सरळ.
काठाचा तुकडा ग्रिलवर अडकला,
कूलर तिरका झाला, टाकी ओतली गेली,
खाली कुणाच्या तरी स्कूटीची सीट भिजली.
एवढंच झालं, म्हणून मला बोलावलं.
जास्त झालं असतं तर पोलिसांना बोलावलं असतं.

डोंगरवारबाईंनी तो तुकडा जपून ठेवला होता,
ऑफिसात, हजेरीपटाशेजारी.
"बोल्ट तं पक्काच होता जी, पाहा हलवून."
हलवून पाहिला.
अजून पक्का होता.
भोवतीचं रसायन त्याला घट्ट धरून,
रसायनाला काँक्रीट घट्ट धरून.
कुणीच कुणाला सोडलं नव्हतं.
धरलं होतं तेच फुटलं.

काठापासून दोन बोटं.
दोनच का?
वेल्डरकडे अँगलचा तुकडा तेवढाच उरला होता.

मी कागदावर मांडते:
भरलेल्या कूलरचं वजन, मोटरची थरथर,
छज्जा शंभर जाड, तोही कागदोपत्री.
काँक्रीट दाबाला दांडगं,
ताणाला पोरसवदा.
बोल्ट खाली ओढला जातो
आणि भोवताली सगळीकडे ढकलतो,
आत ढकलतो तेव्हा पूर्ण छज्जा पाठीशी असतो,
काठाकडे ढकलतो तेव्हा
दोन बोटं.

आणि हिशेबाच्या सुरुवातीलाच लिहायचं,
काँक्रीटला भेग आहे.
दिसत नसली तरी आहे, असं धरायचं
आणि मग काय उरतं ते बघायचं.

दौलत नारनवरे ड्रिल खांद्यावर घेऊन
माझा कागद उलटा धरून वाचत होता.
"पहिलेचा सोळाचा होता मॅडम,
तुम्ही तं काडी देऊन राहिल्या!"
आठचा बोल्ट. साठ खोल. काठापासून दीडशे.
जाडाला जागा जास्त लागते, दौलतभाऊ.
"मंग स्टँड नवे बनवा लागन."
बनवा.
"बत्तीस?"
बत्तीस.

तो पहाटे चारला यायचा.
नऊनंतर ट्यूब नळीतच दगड होते,
मे महिना कुणाची वाट पाहत नाही.
बर्फाच्या डब्यात ट्यूबा, वर गोणपाट.
भोक, फुंक, ब्रश, फुंक,
ब्रश, फुंक,
परत एकदा, मी बघतेय म्हणून.
मग मी पाठ फिरवायचे
आणि कान तिकडेच ठेवायचे.

स्टँड यायला अकरा दिवस लागले.
अकरा रात्री मुली गच्चीवर झोपल्या,
ओल्या ओढण्या अंगावर, उशाला नोट्स,
परीक्षा तोंडावर.
माझ्या दीडशे मिलिमीटरच्या नावानं
गच्चीवर काय काय बोललं गेलं असेल,
मी विचारलं नाही.
मडावी नावाची एक, कुरखेड्याची,
जिन्यात आडवी आली.
"भेग नसताना भेग धरता मॅडम,
मग नसलेल्या भेगेसाठी आम्ही उकडतो का?"
मी म्हटलं, हो.
तिला ते पटलं नाही.
मला तिचं न पटणं पटलं.

बाराव्या दिवशी दुपारी
बत्तीस कूलर एकदम सुरू झाले,
वाळ्याचा वास जिन्यापर्यंत आला.
दौलतनं एका बोल्टाला नखानं टकटक केलं,
"काडी, पण मजबूत काडी,"
आणि मजुरीचं बोलला.

घरी आले.
पर्समधून टेप काढला, का कोण जाणे,
आणि आमच्या खिडकीच्या छज्ज्याला लावला.
बेचाळीस.
बाबांनी बसवून घेतलेला, बारा-तेरा वर्षांपूर्वी,
जाडजूड बोल्ट. बाबांना जाड आवडायचं.
पुन्हा मोजलं.
बेचाळीसच.

खाली जाऊन शेजाऱ्यांची सायकल सरकवली,
कुंड्या सरकवल्या.
भिंतीवर खडूनं लिहिलं, इथे थांबू नये.
वर आले.
पंचेचाळीस डिग्री होतं.
कूलर लावला,
आणि टाकी अर्धीच भरली.